भिंतीवरचा ड्रॅगन

संध्याकाळच्या वेळीं नागपुरांत सदर, धरमपेठ किंवा सीताबर्डी या भागांतून फेरफटका मारणाऱ्या मनुष्यास चिनी जेवणाची पाटी दिसली नाहीं, असें सहसा होत नाहीं. रस्त्याच्या कडेची हातगाडी असो, कीं गार हवेची सोय असलेलें मोठें उपाहारगृह असो, पाटीचा रंग बहुधा तांबडा असतो. अक्षरें पिंवळीं आणि कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखीं टोंकदार असतात. कोपऱ्यांत एक ड्रॅगन जबडा उघडून बसलेला असतो. आंत शिरावें तों छताला तांबडे कंदील टांगलेले, आणि गल्ल्याशेजारीं पोट सुटलेली एक हंसरी मूर्ति. मुलें ड्रॅगनकडे पाहून हरखतात, वडील मंडळी पदार्थांची यादी चाळतात, आणि ही सारी शोभा चीन देशांतून आली असावी असें गृहीत धरून सर्वजण जेवावयास बसतात.

ही शोभा खरोखर कोठून आली, हा प्रश्न जेवणाऱ्यास पडत नाहीं, यांत नवल नाहीं. भुकेल्या माणसानें इतिहास कशाला विचारावा? पण ज्यास असें उपाहारगृह थाटावयाचें आहे, जो त्यासाठीं लाखों रुपये खर्च करणार आहे आणि सुतार, रंगारी व चित्रकार यांना कामाला लावणार आहे, त्याला तरी हा प्रश्न पडावयास हवा.

उत्तर थोडें चमत्कारिक आहे. या सजावटीचा एक मोठा उगम चीनमध्यें नसून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरांत सांपडतो. ता. १८ एप्रिल १९०६ रोजीं त्या शहरांत भयंकर भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली, आणि चिनी लोकांची वस्ती जळून खाक झाली. अमेरिकेनें १८८२ सालींच कायदा करून चिनी मजुरांना आपलें दार बंद केलें होतें. आतां वस्ती जळालीच आहे, तर या लोकांना शहराच्या एका टोंकाला हलवावें, असा बेत शहराच्या कारभाऱ्यांत शिजूं लागला. तेव्हां लुक टिन एली नांवाच्या चिनी व्यापाऱ्यानें व त्याच्या सोबत्यांनीं एक युक्ति काढली. वस्ती जुन्याच जागेवर उभारावयाची, पण पाहणाऱ्याचे डोळे दिपतील अशी उभारावयाची. म्हणजे प्रवासी आपण होऊन पाहावयास येतील, शहराला चार पैसे मिळतील, आणि मग ‘येथून उठा’ म्हणण्याची कोणाची छाती होणार नाहीं. त्यांनीं हें काम गोऱ्या स्थापत्यविशारदांना सांगितलें. त्या विशारदांनीं विटांच्या साध्या इमारतींवर वळलेल्या कडांचीं छपरें चढविलीं, मनोरे बसविले, आणि भडक रंग दिले. युक्ति फळास आली. वस्ती जागची हलली नाहीं. पुढें परदेशांतील पुष्कळ चिनी उपाहारगृहांनीं हाच वेष पत्करला.

हा वेष नुसता खोटा होता, असें म्हणणें अन्यायाचें होईल. घरादारावरून उठविल्या जाणाऱ्या लोकांनीं पोटासाठीं आणि जागेसाठीं तो अंगावर घातला होता. त्यामागें गरज होती आणि धैर्यही होतें. नागपुरांत मात्र ती गरज वाटेंत कोठें तरी राहून गेली आणि वेष तेवढा येऊन पोंचला.

भारतांत चिनी लोक येऊन राहिले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. कोलकात्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या कांठीं, टोंग अच्यू नांवाच्या चिनी गृहस्थानें साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नांवावरूनच त्या गांवाला अचीपूर म्हणतात. मागाहून आलेल्यांनीं सुतारकाम, चामड्याचें काम, दांतांची वैद्यकी असे धंदे धरले. मुंबईंत त्यांची वस्ती माझगांवाकडे होती. तेथें ‘सी यप कून’ नांवाचें चिनी देऊळ १९१९ सालीं बांधलेलें आजही उभें आहे. बाहेरून तें एखाद्या जुन्या घरासारखेंच दिसतें. आंत पूजा चालते ती ग्वान यू या सेनापतीची. हा वीर इ. स. २२० मध्यें मरण पावला, आणि दिल्या शब्दाला जागणारा म्हणून चिनी लोक त्याला देव मानतात. व्यापाऱ्यांचें हें दैवत. शब्द पाळल्यावांचून व्यापार चालत नाहीं, हें त्यामागचें इंगित.

जेवणाची गोष्ट याहून मौजेची आहे. १९७५ सालीं मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्यें नेल्सन वांग नांवाच्या, कोलकात्यांत जन्मलेल्या स्वयंपाक्यानें आलें, लसूण व हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याला फांटा दिला, सोया सॉस घातला, मक्याच्या सत्त्वानें रस दाट केला, आणि ‘चिकन मंचुरियन’ जन्मास आलें, असें सांगतात. मांचुरियाचा मनुष्य हा पदार्थ आपला म्हणून ओळखणार नाहीं. तरी त्यांत फसवणूक कांहीं नाहीं. स्वयंपाक्यानें चिनी रीत उचलली: खोलगट कढई, प्रखर आंच, बारीक चिरलेले जिन्नस आणि झटपट परतणें. जिन्नस मात्र बाजारांत मिळत होते तेच घेतले. म्हणून तो पदार्थ येथल्या मातींत रुजला आणि कोंकणापासून गोंदियापर्यंत पोंचला.

सजावट करणाऱ्यानें नेमकें याच्या उलट केलें. त्यानें रीत सोडून दिली आणि खुणा तेवढ्या उचलल्या. स्वयंपाकघरांत जें शहाणपण दिसलें, तें बाहेरच्या दालनांत आलेंच नाहीं. तेव्हां चिनी घराची रीत तरी कोणती, हें थोडें पाहिलें पाहिजे.

पहिली गोष्ट सांगाड्याची. जुन्या चिनी घराचा सारा भार लांकडी खांब आणि तुळया वाहतात. भिंत हा केवळ आडोसा. भिंत पडली तरी घर पडत नाहीं, अशा अर्थाची म्हणच चिनी भाषेंत आहे. एका लांकडाला खांच आणि दुसऱ्याला जीभ कोरून, खिळा न मारतां, ते सांधे बसवितात. सुंग राजवटीनें इ. स. ११०३ मध्यें बांधकामाच्या नियमांचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तुळईच्या एका ठराविक मापावरून सबंध इमारतीचीं मापें कशीं काढावीं, हें त्यांत सांगितलें आहे. ही लांकडी बांधणीची विद्या युनेस्कोनें २००९ सालीं मानवजातीच्या वारशाच्या यादींत घेतली. नागपुरांत महाल भागांतील जुना वाडा ज्यांनीं आंतून पाहिला असेल, त्यांना हें वर्णन ऐकून परकें वाटूं नये. तेथेंही सागवानी खांब, खांबाखालीं दगडी तळखडा, वर तुळया, आणि मधल्या भिंती विटामातीच्या. चीनमधला खांबही दगडी बैठकीवरच उभा असतो. ओल आणि वाळवी यांची धास्ती दोन्ही देशांच्या सुतारांना सारखीच.

दुसरी गोष्ट चौकाची. उत्तर चीनमध्यें चार बाजूंना चार घरें आणि मध्यें अंगण. दक्षिणेकडे तें अंगण लहान आणि खोल असतें. त्याला ते लोक ‘आकाशाची विहीर’ म्हणतात. चारही पाख्यांचें पाणी आंत पडतें, आणि पाणी म्हणजे लक्ष्मी, ती बाहेर न जातां घरांतच आली, असें ते मानतात. उन्हाळ्यांत तापलेली हवा या विहिरींतून वर निघून जाते. वाड्याच्या चौकाचेंही काम हेंच. नागपूरच्या मे महिन्यांत, पारा ४५ अंशांपलीकडे गेला असतां, चौकाच्या सोप्यांत बसलेल्या माणसाला या विद्येची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नसे.

तिसरी गोष्ट दाराशीं असलेल्या आडभिंतीची. चिनी घराच्या दारांतून सरळ आंतलें कांहीं दिसत नाहीं. समोर एक भिंत असते, तिला वळसा घालून जावें लागतें. वाड्याला देवडी असते ती याचसाठीं. उपाहारगृहाला तर ही फारच उपयोगाची. जेवणाऱ्याच्या ताटावर रस्त्यावरच्या नजरा पडत नाहींत, आणि धूळ व उन्हाची झळ थेट आंत शिरत नाहीं. चौथी गोष्ट खिडकीची. जी चेंग नांवाच्या उद्यानकारानें १६३१ च्या सुमारास बागा रचण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला. त्यांत बाहेरचा डोंगर किंवा झाड चौकटींत धरून आपलेंसें करण्याच्या युक्तीला त्यानें ‘उसना देखावा’ म्हटलें आहे. खिडकी हेंच चित्र. निराळें चित्र टांगण्याची गरज उरत नाहीं.

राहिला रंग. चिनी मनुष्याला तांबडा रंग प्रिय आहे खरा. लग्न आणि नववर्ष त्यावांचून होत नाहीं, जसें येथें कुंकवावांचून होत नाहीं. पण सोनेरी-पिंवळीं कौलें ही बादशाही राजवाड्याची मिरास होती, आणि पांच नख्यांचा ड्रॅगन ही बादशहाची खूण. सूचौसारख्या शहरांतील विद्वानांचीं घरें पाहावींत, तर भिंती पांढऱ्या, कौलें करडीं आणि लांकूड गडद. उपाहारगृह नखशिखान्त तांबडें व सोनेरी करणें म्हणजे लग्नाचा मांडव बारा महिने दारांत ठेवण्यासारखें आहे. पहिल्या दिवशीं उल्हास वाटतो; महिन्यानें डोळे दुखूं लागतात.

ही रीत आजच्या काळांत चालत नाहीं, असें कोणी म्हणेल. त्याला उत्तर एका चिनी स्थापत्यविशारदानेंच देऊन ठेवलें आहे. आय. एम. पेई यांचा जन्म १९१७ सालीं ग्वांगचौ येथें झाला, घराणें सूचौचें. त्यांचें आयुष्य अमेरिकेंत गेलें, आणि कांच व पोलाद यांच्या इमारतींसाठीं त्यांचा लौकिक झाला. १९८२ सालीं बीजिंगजवळ, ‘सुगंधी टेकडी’ या जागीं, त्यांनीं बांधलेलें एक हॉटेल उघडलें. त्यांत मनोरा नाहीं कीं वळलेलें छप्पर नाहीं. पांढऱ्या भिंती, त्यांवर करड्या विटांची नक्षी, मध्यें कांचेच्या छताचा प्रशस्त चौक, आणि चौकटींतून दिसणारीं जुनीं झाडें. पुढें २००६ सालीं सूचौच्या संग्रहालयांत त्यांनीं हीच रीत अधिक साधेपणानें वापरली. सारें साहित्य आजचें, आणि तरी घर चिनी आहे याविषयीं कोणाला शंका येत नाहीं.

जेवणाच्या टेबलाविषयींही एक हकीकत सांगण्याजोगी आहे. मोठ्या चिनी उपाहारगृहांत गोल टेबलावर फिरती थाळी असते. पाहुणे ती गंमत म्हणून फिरवितात. तिच्यामागें डॉक्टर वू लिएन-तेह यांचा विचार आहे. पिनांग बेटांत १८७९ सालीं जन्मलेल्या या डॉक्टरांनीं १९१०-११ सालच्या मांचुरियांतील प्लेगच्या सांथीशीं सामना केला आणि तोंडाला फडकें बांधण्याचा आग्रह धरला. पुढें त्यांच्या मनाला एक गोष्ट खुपूं लागली. चिनी पंगतींत सर्वांच्या काड्या एकाच वाडग्यांत बुडत. त्यानें क्षयासारखे रोग पसरतात, असें त्यांना वाटे. म्हणून त्यांनीं फिरती थाळी आणि वाढून घेण्यासाठीं निराळ्या काड्या व चमचे सुचविले. मराठी घरांत ज्याला ‘उष्टें’ म्हणतात, त्याच चिंतेंतून ही थाळी आली. पुढें १९५० नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या उपाहारगृहांतून तिला बहर आला. ही कथा ज्या मालकाला ठाऊक असेल, तो थाळीबरोबर वाढण्याचे चमचेही ठेवील. ज्याला ठाऊक नसेल, तो थाळी ठेवील आणि चमचे विसरेल.

आतां नागपुरानें काय करावें? सुदैवानें या शहराला फार लांब जावें लागत नाहीं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतला साग आणि बांबू हाताशीं आहे. बांबूच्या कामट्या विणून पडदे, दिवे आणि आडोसे करणारे बुरूड कारागीर आहेत. छापील फलकावरचें बांबूचें चित्र टांगण्यापेक्षां खऱ्या बांबूचा पडदा त्यांच्याकडून विणून घेतला, तर तो अधिक चिनी ठरेल, आणि पैसाही विदर्भांतल्या हातांत जाईल.

ड्रॅगनला हांकलून द्यावें, असेंही कांहीं नाहीं. बौद्ध ग्रंथांचीं चिनी भाषांतरें करतांना पंडितांनीं संस्कृत ‘नाग’ या शब्दासाठीं ड्रॅगनचाच चिनी शब्द योजला. आग ओकणारा राक्षस तो युरोपांतला. चिनी ड्रॅगन नद्यांचा, ढगांचा आणि पावसाचा स्वामी. ज्या शहराचें नांव नाग नदीवरून पडलें, त्या शहरांत तो पाहुणा नसून नातलगच म्हणावा लागेल. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिरामुळें, जें १९९९ सालीं जपानी साहाय्यानें उभें राहिलें, त्याचें नांव येथें सर्वतोमुखीं झालेलेंच आहे. त्याच्या जबड्यांतली आग काढून त्याला पाण्याच्या कुंडाशेजारीं जागा दिली, म्हणजे तो आपल्या घरीं आला. तीच गोष्ट गल्ल्याशेजारच्या हंसऱ्या मूर्तीची. ती गौतम बुद्धाची नव्हे. बुदाई नांवाच्या, दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या एका चिनी भिक्षूची ती आहे, आणि लोक त्याला पुढें येणाऱ्या मैत्रेय बुद्धाचा अवतार समजतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं ज्या शहरांत लक्षावधि लोकांनीं बुद्धाला शरण जाऊन नवें आयुष्य आरंभिलें, त्या शहरांत तरी ही गल्लत होऊं नये.

आणि संत्रें! दक्षिण चीनमध्यें नववर्षाला दारांत फळांनीं लगडलेलीं संत्र्याच्या जातीचीं झाडें कुंड्यांतून मांडतात आणि पाहुण्याच्या हातावर संत्र्यांची जोडी ठेवतात. कँटनकडच्या बोलींत या फळाच्या नांवाचा उच्चार सोन्याच्या नांवासारखा होतो. नागपुरी संत्रें त्याच कुळांतलें. या कुळाचें माहेर दक्षिण चीन. नागपुरी संत्र्याला २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. चिनी नववर्ष जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हां तरी येतें, आणि मृग बहाराचीं संत्रीं फेब्रुवारी-मार्चांतच बाजारांत येतात. असें असतां नागपूरच्या चिनी उपाहारगृहाच्या दारांत प्लॅस्टिकचा कंदील लोंबावा आणि संत्र्याचें एक झाडही नसावें, याला काय म्हणावें?

भिंतीवर एखादी तसबीर हवीच असेल, तर तीही शहरांतच मिळेल. १९३८ सालीं राष्ट्रीय सभेनें युद्धांत होरपळणाऱ्या चीनकडे पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. त्यांतले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजीं चीनमध्येंच वारले, आणि त्यांचें नांव सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच पथकांत नागपूरचे डॉक्टर चोळकर होते, हें नागपुरांतच किती घरांत ठाऊक असेल? नागपूर आणि चीन यांना जोडणारा याहून सरळ दुवा कोणता?

या साऱ्याची आठवण ठेवण्याला आणखी एक कारण आहे. १९६२ च्या युद्धांत आणि त्यानंतर चिनी वंशाच्या सुमारें ३,००० लोकांना राजस्थानांतील देवळी येथील छावणींत नेऊन ठेवलें. त्यांत याच भूमींत जन्मलेलीं माणसें होतीं, म्हातारीकोतारीं होतीं, शाळेंत जाणारीं मुलें होतीं. कित्येक तेथें वर्षानुवर्षें राहिले. पुष्कळ कुटुंबें मागाहून देश सोडून गेलीं. त्यांचे पदार्थ राहिले, त्यांचे कंदील राहिले; माणसें ओसरलीं. ज्यांच्या घराची शोभा दाखवून धंदा करावयाचा, त्यांच्याविषयीं दोन अक्षरें खरीं ठाऊक असणें, एवढी अपेक्षा माफकच म्हटली पाहिजे.

उपाहारगृहाचा मालक म्हणेल, ‘गिऱ्हाइकाला तांबडें आणि सोनेरीच आवडतें, तत्त्वज्ञानानें भाडें भागत नाहीं.’ त्याचें म्हणणें अगदींच चुकीचें नाहीं. परंतु भडक सजावट दोन वर्षांत विटते आणि पुन्हां खर्च येतो. सागवानी खांब जसजसा जुना होतो तसतशी त्याला झळाळी चढते. एक आडभिंत, मध्यें वरून उजेड घेणारी मोकळी जागा, बांबूचे पडदे, पांढऱ्या भिंती, आणि दारांत संत्र्याचीं दोन झाडें, एवढ्यानेंही काम होतें. तांबडा रंग सणापुरता राखून ठेवला, म्हणजे सणाच्या दिवशीं तो खुलूनही दिसतो.

हा प्रश्न एकट्या चिनी लोकांचाही नाहीं. वारली स्त्रिया लग्नघराच्या भिंतीवर लग्नचौक काढतात, त्यांत पालघट देवी बसते आणि मगच लग्न लागतें. तींच चित्रें आज हॉटेलांच्या भिंतींवर, चहाच्या पेल्यांवर आणि पिशव्यांवर देवीवांचून, लग्नावांचून नाचत आहेत. आपल्या चौकाची अशी परवड पाहून ज्याला वाईट वाटतें, त्यानें दुसऱ्याच्या ड्रॅगनकडेही त्याच नजरेनें पाहावें. पुढच्या वेळीं नागपूरकर कुटुंब चिनी जेवावयास जाईल, तेव्हां मुलांनीं ड्रॅगनकडे बोट दाखविलें, तर वडिलांनीं त्यांना नागाची गोष्ट सांगावी; आणि उठतांना मालकाला एवढेंच विचारावें, कीं दारांत संत्र्याचें झाड केव्हां लावतां?